घुंगरांतला पेंढा

बाबा,

आगरातून मीठ वाहून परत आलास की तू बैलांचे पाय गोड्या पाण्यानं धुवायचास आणि कळशी मी धरायची. खाऱ्या चिखलानं खूर चिरतात म्हणून तुझा तो नेम होता. तुझ्या स्वतःच्या टाचा चिरलेल्या असायच्या, त्यांच्यावर मात्र तू कधी तांब्याभर पाणी घातलं नाहीस. मग दोन्ही बैलांच्या गळ्यांतल्या घुंगुरमाळा काढून तू चुलीजवळच्या खुंटीवर टांगायचास. चामड्याला दमट लागलं की ते कुजतं, असं तू म्हणायचास. आई गेल्यापासून स्वयंपाकही तूच करत होतास. भात शिजेपर्यंत मी खुंटीखाली बसून काडीनं एकेक घुंगरू हलवून बघायची आणि तू चुलीकडे तोंड करून, मागं न बघता, सांगायचास, "ह्यो डाव्याचा तिसरा. ह्यो उजव्याचा, काठावरला." एकदाही चुकला नाहीस. मी हसायची. तू मला एवढंच म्हणालेलास, "पोरी, घुंगरू बैलाचा नसतं न गारीवाल्याचाबी नसतं. वलनाच्या पलीकरं जो मानूस चालतंय, त्याचा असतं." मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होते. ऐकलं आणि विसरून गेले.

आज कल्याणला माझ्या खोलीत टेबलावर मुलांच्या कामाचा ढीग आहे. मला पन्नाशी कधीच मागं पडली. इथल्या मुलींच्या शाळेत शिकवता शिकवता माझे केस पिकले, चष्मा लागला, आणि तुझ्याहून जास्त वय माझं झालं, हे एक दिवस आरशात बघताना लक्षात आलं. टेबलावरचा ढीग शिष्यवृत्तीसाठी ठाणे-कल्याणच्या शाळांतून आलेल्या कामांचा आहे; निवडीआधी तो दरसाल माझ्याकडे येतो. तीच शिष्यवृत्ती, बाबा, तळ्याकाठच्या शेठजींनी ठेवलेली. गाडी जपून कशी हाकावी हे मुलांनी आपल्या कल्पनेनं सांगायचं. कुणी निबंध लिहावा, कुणी चित्र काढावं, कुणी गाडीवानांना गाता येईल असं गाणं रचावं. ज्याचं काम पहिलं येईल त्याचं पुढचं सगळं शिक्षण शेठजींच्या घराण्याकडून. पहिल्या वर्षी ती मला मिळाली. येत्या शनिवारी ठाण्याला यंदाचं बक्षीस आहे. आणि दरसालच्या रिवाजाप्रमाणे आधी माझा तो निबंध मी उभं राहून वाचायचा आहे. त्या निबंधाबद्दल तुला काही सांगायचं आहे. तुझ्या हयातीत सांगायला हवं होतं.

तुला ठाऊकच आहे, पण मला एकदा माझ्या हातानं लिहायचं आहे, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

माजिवड्याहून तू रोज सकाळी मीठ घेऊन ठाण्याच्या स्टेशनावर मालधक्क्याला जायचास. रेल्वे येऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि गाड्यांना काम वाढलेलं होतं. वाटेत तळ्याजवळ आपल्या देवळाची, म्हणजे चर्चची, शाळा. पाद्रीबाबांनी तुला सांगितलं होतं की पोरीला अक्षर ओळख होऊ दे, आणि तू लगेच होकार दिलास. आगरातली बाकीची माणसं तुला त्यावरून चिडवत. मी मिठाच्या गोणींवर बसून शाळेला यायची. शाळेत स्टेशनातल्या बाबूंच्या मुली होत्या, पायांत मोजे, केसांना रिबिनी. तुझी गाडी वळणावर आली, घुंगरं ऐकू आली, की त्या सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "खुळखुळ खुळखुळ, मिठाची राणी आली." एक तर माझ्या बाहीला जीभ लावून बघायची आणि म्हणायची, "खारट आहे ग." मी घरी काही सांगितलं नाही. मी शाळेआधीच्या चिंचेपाशी उतरून चालत जायचं ठरवलं. पण मी उतरले तरी घुंगरं माझ्या आधी पोचायचीच.

आपल्याकडचा तो रिवाज तूच मला दाखवलेला. गावात कुणाच्या घरी मयत झाली की त्या दिवशी त्या घरावरून जाताना गाडीवान घुंगरांच्या फटींतून पेंढा कोंबतात. दुःखाच्या दारावरून वाजत जाऊ नये म्हणून. घर मागं पडलं की उतरून तो काढायचा, मगच रस्त्याला लागायचं. त्या थंडीत गावात दोन म्हाताऱ्या पाठोपाठ गेल्या आणि मी तुला पेंढा कोंबताना दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा गावात कुणीच मेलेलं नव्हतं. तू विहिरीवर होतास. मी खुंटीवरच्या माळा खाली घेतल्या आणि सगळ्या घुंगरांत पेंढा भरला, काडीनं आत ढकलून, बाहेर टोक दिसणार नाही असा.

त्या दिवशी मी शाळेत गेले तेव्हा कुणी काही म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मी रोज तेच करू लागले. आगरातून सात-आठ गाड्या एका मागून एक निघत, पुढच्या-मागच्यांची घुंगरं वाजत असत, त्यात आपली गप्प आहेत हे तुला कळत नसणार, असं मी धरून चालले. नाक्यावर बाकीच्या गाड्या बंदराकडे वळत आणि आपली एकटी तळ्याकडे. तिथून तू तोंडानं हाळी द्यायला लागलास. "होऽऽ, गारी आली, बाजूला व्हा." आधी तू कधी असं ओरडत नव्हतास. मला वाटलं, रस्त्यावर वर्दळ वाढली म्हणून. संध्याकाळी तू परत यायचास तेव्हा घुंगरं वाजत असायची. मला वाटे, दिवसभराच्या हिसक्यांनी पेंढा गळून पडत असेल. मूल होते, पण इतकीही लहान नव्हते.

पण आता तुझी हाळी शाळेत ऐकू जायला लागली. त्या मुलींनी तीही उचलली. "होऽऽ, बाजूला व्हा, राणीची गारी आली." एका सकाळी चिंचेच्या आधी मी गोणीवरून तुझ्या पाठीला हात लावून म्हटलं, "बाबा, ओरडू नको ना. शाळेपर्यंत तरी नको."

तू वळून माझ्याकडे बघितलंस. बराच वेळ बघितलंस. मग म्हणालास, "बरं."

त्या दिवशी मी चिंचेपाशी उतरले नाही. तू गप्प, घुंगरं गप्प, मला वाटलं आज गाडीतूनच थेट दारापर्यंत जाता येईल. शेठजींच्या बंगल्याची उंच भिंत आणि त्यापुढचं वळण. बैल नेहमीच्या चालीनं चालले होते, तू त्यांना पळवत नव्हतास, हे मी शपथेवर सांगेन. भिंतीच्या कोपऱ्यावरून कोळीण मावशी डोक्यावर पाटी घेऊन रस्त्यात आली. रोज त्याच वेळी यायची. रोज घुंगरं किंवा हाळी ऐकून भिंतीशी थांबायची आणि मला हाक मारून एखादा सुका बोंबील हातात द्यायची. त्या दिवशी तिनं काहीच ऐकलं नाही. बैलाच्या खांद्यानं ती ढकलली गेली आणि चाक तिच्या पायावरून गेलं. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो असं मी लिहिणार होते, पण ते खरं नाही. ती ओरडलीच नाही. ती फक्त म्हणाली, "अरे, घुंगरू कुठं रं तुजा?" मासळी सगळीकडे पसरली होती आणि मला आठवतं, मी गोणीवर बसून पहिल्यांदा शाळेच्या दाराकडे बघितलं, कुणी पाहतंय का म्हणून.

तू उडी मारलीस, तिला उचलून सावलीत ठेवलंस, आपलं पागोटं सोडून तिच्या पायाला गुंडाळलंस. मग माणसं जमली. शेठजी व्हरांड्यातून खाली आले. त्यांनी सगळं वरून पाहिलं होतं. शिपाई आला. त्यानं बैलाच्या गळ्यातली माळ हातात धरून हलवली आणि फटीतून पेंढ्याचं टोक ओढून काढलं. "हे काय आहे?" असं त्यानं विचारलं. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. बघितलं असतंस तर मी बोलले असते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. तू म्हणालास, "मीच घातला. गावात मयत झालेला. काराला इसरलो." बैलापाशी उभा राहून तू सगळ्यांच्या देखत एकेका घुंगरातून पेंढा काढलास. तुझ्या हातांना घाई नव्हती. मी तोपर्यंत शाळेत पोचले होते. हे मला नंतर दुसऱ्या गाडीवानानं सांगितलं.

मिठाच्या ठेकेदारानं तुला स्टेशनाच्या फेऱ्यांवरून काढलं. तुझ्या नावावर निष्काळजी हा शब्द बसला. पुढं तू आगराच्या आतच गाडी हाकलीस, चिखलात, जिथं रस्ता नव्हता आणि वळणही नव्हतं. मावशीचा पाय वाकडाच जुळला. आणि त्या अपघातावरून शेठजींच्या मनानं घेतलं की गाडीवानांना शिपायांनी शिकवून उपयोग नाही, मुलांनी शिकवलं तर ते ऐकतील. ठाण्यातल्या सगळ्या शाळांत निरोप गेला. पाद्रीबाबांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी भाषा बरी आहे. तू लिही."

मी काय लिहिलं ते तुला एकदाच ऐकायला मिळालं. मला ते पाठ आहे. एका आळशी गाडीवानाची गोष्ट. तो घुंगरांत पेंढा भरतो, मग उतरून तो काढायचा त्याला कंटाळा येतो, झुलत झुलत गाडी हाकतो आणि एका गरीब बाईला पाडतो. शेवटी त्याचे बैलच त्याला बोलतात, "धन्या, तू आमचा आवाज बांधलास." ते बैलांचं बोलणं शेठजींना फार आवडलं. मला लिहिताना काय वाटत होतं? खोटं बोलते आहे असं वाटत नव्हतं, बाबा. हेच सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तू शिपायाला जे सांगितलंस तेच मी लिहिलं होतं. तू दिलेलं खोटं मी उचललं, त्याला आळस माझ्या पदरचा जोडला, आणि लिहिता लिहिता मला ते सुंदर वाटलं.

बक्षिसाच्या दिवशी शेठजींच्या अंगणात गाडीवानांना मुद्दाम बोलावलं होतं. तू मागच्या रांगेत, धुतलेलं धोतर नेसून. निबंध शेठजींनी स्वतः वाचला. आळशी हा शब्द आला तेव्हा दोन-चार माणसांनी वळून तुझ्याकडे बघितलं. बैल बोलले तेव्हा लोक हसले आणि तूही हसलास. मी ते पाहिलं. घरी जाताना मी गाडीत बसले होते, हातात पदक, आणि माजिवड्याच्या वेशीपाशी तू मागं वळलास. मग म्हणालास, "चांगला लिवलंस." थोडं पुढं गेल्यावर म्हणालास, "पन मावशीचा काय झाला, ते नाय लिवलंस. परली, तिथच सोरलंस तिला. माज्यावरच सगला लिवलंस."

आयुष्यात तू मला एवढंच एकदा बोललास. स्वतःसाठी नाही बोललास.

मी कॉन्व्हेंटात गेले. तिथं सगळं पांढरं होतं, भिंती, चादरी, सिस्टरांचे झगे. मी इंग्रजी शिकले, पियानोवर दोन गाणी शिकले, सुरीकाट्यानं जेवायला शिकले. वडील काय करतात असं मदरनं पहिल्याच दिवशी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मिठाचं काम आहे." त्यांना वाटलं, व्यापार. मी तसंच वाटू दिलं. वर्षातून एकदा भेटीचा रविवार असे. तू एकदाच आलास, नाचणीच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांची पुरचुंडी घेऊन. मी वरच्या खिडकीत उभी होते. रस्त्यावर गाडी कुठंच दिसत नव्हती आणि तू लांबून, उन्हातून, चालत येत होतास. फाटकापाशी मी विचारलं, "गाडी कुठं आहे?" तू म्हणालास, "त्या वडाखाली सोरली. हितं शाला हाय ना तुजी." मला सुटल्यासारखं वाटलं. पुरचुंडीला वास येत होता म्हणून ती मी कपाटात मागं ठेवली आणि तू गेल्यावर स्वयंपाकघरातल्या बाईला देऊन टाकली. भाकरी तरी खायची होती मी. तू पहाटे उठून थापली असशील.

मावशीला तू विसरला नाहीस. आगराचं काम सुरू व्हायच्या आधी तू तिला रोज गाडीत घालून बाजारात नेऊन बसवायचास आणि दुपारी परत घरी सोडायचास. सुट्टीत मी घरी आले की मलाही त्या गाडीत बसावं लागे. मावशी पाटीवर हात ठेवून ऐटीत बसायची आणि वाटेत भेटेल त्याला ऐकवायची, "बघा रं, आधी मना पारली, आता पालखीत मिरवतंय. चांगला धंदा हाय याचा." तू मान खाली घालून हसायचास. मग ती माझ्याकडे वळायची. "काय गो, विंग्रजीत गारीला काय म्हनतात?" मी सांगायची. ती म्हणायची, "असं व्हय. न घुंगराला?" आणि माझ्याकडे बघत राहायची. तिला माहीत होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मी मान फिरवून आगराकडे बघायची. मिठाचे ढीग उन्हात इतके पांढरे असतात की डोळ्यांत पाणी आलं तरी कुणी विचारत नाही.

तू गेलास तेव्हा मी कल्याणला नोकरीला लागले होते. निरोप आला, मी पोचले, तोवर तुला नेलं होतं. गावच्या गाडीवानांनी तुझ्या दारावरून जाताना घुंगरांत पेंढा कोंबला होता. एकामागून एक गाड्या मुक्यानं जात होत्या आणि मी दारात उभी होते. मावशी कुबडी टेकत आली, ओसरीवर बसली आणि म्हणाली, "आता मना कोन नेल बाजारात?" त्या दिवशी तिला सांगायला हवं होतं. पुढच्याच वर्षी तीही गेली.

आता यंदाचं सांगते, म्हणजे हे पत्र का लिहिते आहे ते कळेल.

माझ्या वर्गात एक गाडीवानाची मुलगी आहे. तिचा बाप कल्याणच्या बंदरावरून स्टेशनापर्यंत भाताच्या गोणी वाहतो. लिहायला ती कच्ची आहे, ओळ सरळ जात नाही. तिनं निबंध लिहिलाच नाही. कागदांना कागद चिकटवून तिनं एक लांब पट्टी केली आणि तिच्यावर बंदरापासून स्टेशनापर्यंतचा रस्ता काढला. प्रत्येक वळणावर एक खूण. एका कोपऱ्यावर काठी काढली आहे, एका दारापुढं पाळणा, एकीकडे हंडा, एकीकडे जोडे. मी विचारलं, "हे काय ग?" ती म्हणाली, "बाई, गाडीवानांना वाचता कुठं येतं? म्हणून चित्रं. इथून एक आजोबा काठी टेकत निघतात. इथं बाळ रांगत उंबऱ्याबाहेर येतं. इथं बायका पाण्याला जातात. इथं चांभार रस्त्यात पाय सोडून बसतो, त्याला किती सांगा, ऐकत नाही." संबंध पट्टीवर तिनं गाडी कुठंच काढली नव्हती. गाडीवानही नव्हता. वळणापलीकडची माणसं तेवढी होती.

मला पट्टी टेबलावर ठेवून द्यावी लागली. मग मी सहज विचारावं तसं विचारलं, "तुझ्या बाबांच्या बैलांना घुंगरं आहेत ना?"

"आहेत की."

"एखाद दिवशी वाजली नाहीत तर त्यांना कळेल? पुढं-मागं दुसऱ्या गाड्या असल्या तर?"

ती हसली. मास्तरीणबाईंना इतकी साधी गोष्ट माहीत नाही याचं तिला हसू आलं असावं. "बाई, आमचा बाबा गाडीत झोपतो तेव्हा घोरतो. पण एक घुंगरू वाजायचं थांबलं ना, तर उठून बसतो."

बाबा, तू चुलीकडे तोंड करून सांगायचास, हा डाव्याचा तिसरा. आणि मी इतकी वर्षं धरून चालले की तुला कळलं नसेल.

पहिल्याच दिवशी कळलं तुला. मुक्या माळांनी गाडी जुंपलीस, मला शाळेपर्यंत आणलंस, आणि मी आत गेल्यावर पुढं कुठं तरी गाडी थांबवून रोज तो पेंढा काढत बसलास. एकदाही विचारलं नाहीस. मला कशाची लाज वाटते हे तुला न विचारता समजलं, आणि ती लाज तुझीच होती. घुंगरांच्या जागी तू आपला गळा लावलास. तोही मी बंद करायला सांगितला. तू "बरं" म्हणण्याआधी माझ्याकडे बघितलंस तेव्हा तुला सगळं माहीत होतं. गाडी हाकण्यात तुझ्याकडून एक चूक झाली, ती ही. रस्त्यावरच्या माणसापेक्षा एका सकाळपुरतं तू माझं ऐकलंस. त्याची शिक्षा तू घेतलीस, आणि माझी मी तुझ्यावर लिहून दिली.

काल शेठजींचे चिरंजीव आले होते. आता तेही म्हातारे होत आले. ढीग चाळून त्यांनी एका वकिलाच्या मुलाचा निबंध वर काढला. "हे पाहा बाई, अगदी तुमच्या वळणाचं. यातही गाडीवान आळशी आहे, आणि शेवटी घोडा बोलतो. पहिलं हेच."

मी पट्टी दाखवली. त्यांनी ती लांबवर धरून पाहिली. "गोड आहे. पण यात शिकवण कुठं आहे? गाडीवानाला दोष कुठं दिलाय? आपल्याकडे माप ठरलेलं आहे बाई, तुमचा निबंध. त्याच्याशी ताडून बघायचं."

"माझा निबंध खोटा आहे," मी म्हटलं.

ते हसले. "गोष्ट आहे ती. गोष्ट खोटीच असते."

"तो गाडीवान माझे वडील. पेंढा मी भरला होता."

चहाचा पेला त्यांनी बशीत ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, इतक्या वर्षांनी कोण विचारतो? वडील नाहीत, ती कोळीण नाही, आमचे वडीलही नाहीत. तुम्ही शनिवारी नेहमीसारखं वाचा. या मुलीला पुढच्या वर्षी बघू." जाताना दारात थांबून त्यांनी एवढं मात्र म्हटलं, "तुम्ही चारचौघांत हे बोललात तर मला माप बदलावं लागेल. ते तुम्ही ठरवा."

मुलीला पुढचं वर्ष नाही. आतेकडे भिवंडीला पाठवून द्यायचं तिच्या घरी बोलणं चाललं आहे, लग्नाचंही कानावर आलं आहे. तिची शाळा शनिवारी मी काय वाचते यावर आहे.

मी एक पान लिहून काढलं आहे. निबंध वाचायला उभी राहीन आणि आळशी या शब्दापाशी थांबेन. पुढं ते पान वाचेन. त्यात पेंढा कुणी भरला ते आहे, गप्प बसायला तुला कुणी सांगितलं ते आहे, आणि मावशीचं पुढं काय झालं तेही आहे, तिची पालखी, तिचा धंदा, सगळं. मागच्या रांगेत गाडीवान असतील. मला तिकडेच बघून वाचायचं आहे. पण मी स्वतःला ओळखते, बाबा. मी गोणीवर बसून आधी शाळेच्या दाराकडे बघणारी मुलगी आहे. म्हणून माझा भरवसा मी माझ्यावर ठेवत नाही, आणि हे पत्र माझ्या पेटीत ठेवते; माझ्यामागं ती उघडणाऱ्याला कळावं म्हणून खाली लिहून ठेवते.

शनिवारी माझा धीर सुटला, तर ते पान आमच्या शाळेतल्या धाकट्या बाईंनी शेठजींच्या त्याच अंगणात वाचावं. मी त्यांना तसं सांगून ठेवलं आहे. कशासाठी ते सांगितलेलं नाही. पदक मावशीच्या नातीला द्यावं, ती ठाण्याच्या बाजारात आजीच्याच जागी बसते. तिनं ते मोडलं तरी चालेल. माझी पुस्तकं शाळेला. कॉन्व्हेंटातला माझा पांढरा झगा कुणालाही. निबंधाची छापलेली प्रत माझ्याबरोबर पुरू नये, शेठजींच्या घरी त्या पानाला जोडून ठेवावी.

घुंगुरमाळ, तुझ्या डाव्या बैलाची, तेवढी एकच राहिली आहे. ती पट्टी काढणाऱ्या मुलीच्या बापाला द्यावी. चामडं नवं लावावं लागेल, घुंगरं चांगली आहेत. तिसऱ्या घुंगरात पेंढा अजून आहे. त्या दिवशी तुझ्या हातून तेवढा एक राहिला, की तू तो ठेवलास, मला माहीत नाही. माळ देण्याआधी तो काढून द्यायला हवा. मी आज तीनदा सुई घेऊन बसले. काढणं जड नाही, एका टोकाला धरून ओढलं की निघेल. पण मग ते वाजेल, आणि तो आवाज ऐकायला मला अजून धीर होत नाही. त्या मुलीच्या बापाला सांगावं, त्यानंच काढावा.